प्रवेश दिला नाही

एका मुख्याध्यापिका बाईंना मी कागदाचा खोटा अर्थ सांगून सह्या करायला लावल्या. एकदा नाही, दर महिन्याला, जवळजवळ वर्षभर. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. ज्या साहेबांना त्याचा फायदा झाला त्यांच्यापाशीही मी ते कधी उघड बोललो नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

मी मूळचा कारखान्याचा माणूस. डिप्लोमा झाला आणि चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला लागलो. सतरा वर्षं तिथं काढली. मशीन बंद पडलं की प्रॉडक्शनवाले बोंब मारायचे आणि आम्ही पाने-पक्कड घेऊन धावायचो. मशीन किती तास बंद होतं ते रोज सकाळच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवायचे आणि ज्याच्या नावावर तास जास्त, त्याची सगळ्यांसमोर सालटी काढायचे. त्यावर आमच्या खात्यातल्या जुन्या माणसांनी एक तोड काढली होती. मशीनपाशी जायचं, पण नेमकं अर्जंट माल चालू असेल तेव्हा. ऑपरेटर म्हणणार, "आत्ता नाही राव, एवढा लॉट काढू दे." की लगेच लॉगबुकात लिहायचं, ‘मशीन दिलं नाही.’ तेवढं लिहिलं की पुढचे तास प्रॉडक्शनच्या नावावर. प्रॉडक्शनवालेही काही दूधखुळे नव्हते. ते उलट लिहायचे, ‘मेंटेनन्सचा माणूस आलाच नाही.’ सकाळी एकमेकांची आईबहीण काढायची आणि दहा वाजता कॅन्टीनला एकाच टेबलावर पोहे खायचे. तो खेळ होता आणि त्याचे नियम दोन्ही बाजूंना पाठ होते.

मी तो खेळ एका शाळेत नेला. तिथं समोरच्या माणसाला खेळ चालू आहे हेच ठाऊक नव्हतं.

चिखलीच्या अंगाला, जिथं एका गल्लीत लेथ मशीनं चालतात आणि पुढच्या गल्लीत बारा मजल्यांची सोसायटी उभी राहते, तिथं महापालिकेची ही शाळा. जुनी पत्र्याची होती. नवी इमारत भागीदारीतून झाली. जागा पालिकेची, बांधकाम एका खासगी कंपनीचं, आणि पुढची कित्येक वर्षं देखभालही त्याच कंपनीची. पालिका त्याबद्दल दरवर्षी पैसे देणार, पण सरसकट नाही. जेवढ्या खोल्या वापरता येतील तेवढ्यांचेच. वर्गात दिवा नसेल तर त्या वर्गाचे कापणार. संडासात पाणी नसेल तर अख्ख्या मजल्याचे कापणार. मुख्याध्यापकांनी तक्रार नोंदवली की चोवीस तासांत दुरुस्ती, नाही तर कपात. कागदावर हे फार चांगलं दिसतं. मलाही दिसलं होतं. त्या कंपनीत देखभालप्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा मी घरी पेढे नेले होते.

करारात एक कलम होतं. तक्रारीसाठी आमचा माणूस गेला आणि शाळेनं त्याला आत येऊ दिलं नाही, तर कपात होणार नाही. कलम वाजवी आहे. परीक्षा चालू असताना वर्गात कुणी ड्रिल लावू देणार नाही, आणि त्याचा दंड कंपनीनं का भरावा. ते ज्यानं लिहिलं त्याच्या मनात काळंबेरं नसावं. ते माझ्या मनात आलं.

तिसऱ्या मजल्यावर सहावी ते आठवीचे वर्ग होते. तिथल्या मुलींच्या संडासात पाणी येत नव्हतं. कारण साधं होतं. गच्चीवरची टाकी उंच चौथऱ्यावर बसवायला हवी होती. कंपनीनं ती नुसती स्लॅबवर ठेवली. खालच्या मजल्यांना धो धो पाणी, आणि टाकीच्या लगेच खालच्या मजल्याला दाबच नाही. नळ सोडला की करंगळीएवढी धार यायची आणि दोन मिनिटांत तीही जायची. टाकी उचलायची किंवा वेगळा पंप बसवायचा, एवढाच उपाय. हे मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं.

मुख्याध्यापिका बाई रोज सकाळी तक्रार नोंदवायच्या. ‘तिसरा मजला, मुलींचे स्वच्छतागृह, पाणी नाही.’ रोज तेच वाक्य, टपोऱ्या अक्षरात, त्याचा फोटो माझ्या मोबाइलवर. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, सुती साडी. वडील पिंपरीत एका कंपनीत कामगार होते आणि बाई स्वतः पालिकेच्याच शाळेत शिकलेल्या. ऑफिसात त्यांच्या खुर्चीमागे निळ्या कोटातली तसबीर होती, आणि तिच्याखाली शाळेचं वेळापत्रक.

त्यांच्यावर माझा राग होता. त्याचं कारण लिहायची लाज वाटते, इतकं ते बारीक आहे. अगदी सुरुवातीला मी शिडी आणि माणूस घेऊन ट्यूबलाइट बदलायला थेट सातवीच्या वर्गात शिरलो. बाई शिकवत होत्या. त्या म्हणाल्या, "बाहेर थांबा. शाळा आहे ही, शेड नाही." पोरं हसली. मी शिडी धरून अर्धा तास व्हरांड्यात उभा राहिलो. तास संपल्यावर बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "या आता. आधी चहा घ्या, उन्हातून आलात." मी चहा घेतला. चहा मी विसरून गेलो, पोरांचं हसणं नाही विसरलो.

साहेब, म्हणजे कंपनीचे प्रकल्पप्रमुख, हिंजवडीच्या ऑफिसात बसायचे. एका दुपारी त्यांनी बोलावलं.

"त्या बाईच्या हाताला खाज आहे का रे? रोज तक्रार?"

"साहेब, पाणी खरंच येत नाही."

"मी पाण्याचं विचारलं का? पंप लावला की ड्रॉइंग चुकलं असं आपणच लिहून दिल्यासारखं आहे. मग बाकीच्या शाळांच्या टाक्या कोण उचलणार? तुझे मामा?"

मी हातातली डायरी मिटली.

"ह्या लोकांना आयतं मिळालं ना, की..." साहेबांनी वाक्य पुरं केलं नाही. गरज नव्हती. बाई कुठल्या समाजाच्या ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. मी हसलो. साधंसुधं नाही, चांगलं मान हलवून हसलो.

आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, मी म्हणालो, "साहेब, चाकणला आम्ही एक करायचो."

माझ्याकडचा प्लंबर परभणीकडचा होता. साधा माणूस. त्याला मी सांगितलं, तक्रार आली की संध्याकाळी शाळा सुटल्यावर जायचं, नाही तर रविवारी. गेटचा फोटो काढायचा आणि परत यायचं.

"रविवारी जाऊन काय करू म्हणालाव साहेब? कुलूप असतंय की गेटला."

"म्हणूनच जायचं."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो म्हणाला, "लेकरायच्या संडासाचं हाय ओ ते. पाप लागंल."

"तुला लागणार नाही. फोटो तू काढतोस, लिहितो मी."

ते खरं होतं. लिहायचो मीच. महिनाअखेरीला तक्ता तयार व्हायचा, सगळा इंग्रजीत. तक्रारीची तारीख, भेटीची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात एक आकडा. चार. चार म्हणजे ‘शाळेने प्रवेश दिला नाही.’ आकड्यांचा अर्थ करारामागच्या जोडपत्रात होता आणि जोडपत्र शाळेला कुणी दिलेलं नव्हतं. तक्त्यावर मुख्याध्यापकांची सही लागायची.

पहिल्या महिन्यात बाईंनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. बोट शेवटच्या रकान्यावर ठेवलं.

"हा चार म्हणजे काय?"

"काही नाही बाई. आमचा माणूस येऊन गेला त्याची खूण. आमच्या ऑफिससाठी."

"मला तर कुणी दिसलं नाही."

"संध्याकाळी येतो ना. तुमच्या तासांना त्रास नको म्हणून."

बाई हसल्या. म्हणाल्या, "हे मात्र बरं करता." आणि सही केली. खाली तारीख घातली, शिक्का मारला, शिक्का नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला. पुढच्या महिन्यांत त्यांनी विचारलंही नाही. मी तक्ता पुढे करायचो, त्या सही करायच्या आणि तोंडी सांगायच्या, "पाण्याचं बघा हो तेवढं." मी म्हणायचो, "चालूच आहे बाई."

साहेबांच्या टेबलावर कपातीचा आकडा शून्य झाला. त्यांनी मला आणखी दोन शाळा दिल्या.

तिसऱ्या मजल्यावर पाणी न्यायचं काम शाळेतल्या सेविका मावशी करायच्या. साठीच्या आसपास. त्यांचं घर तिथलंच, गावठाणातलं जुनं. आजूबाजूची जमीन केव्हाच सोसायट्यांखाली गेलेली. तळमजल्याच्या नळावर बादल्या भरायच्या आणि जिन्यानं वर. सकाळपासून बारा-पंधरा खेपा. मी दिसलो की त्या जिन्यातूनच ओरडायच्या, "आलं का पान्याचं सायेब? नुसतं येतंय आन् बघून जातंय. पोरगी बघायला आल्यागत!" शिक्षक हसायचे. मीही हसायचो.

एकदा त्या हसल्या नाहीत. बादली खाली ठेवून म्हणाल्या, "पोरी पानी पीत न्हाईत, ठावं हाय का? डबा खात्यात आन् तोंड कोरडं ठिवत्यात. संडासाला जावं लागंल म्हून. आठवीच्या दोघी महिन्यातलं चार दिस येतच न्हाईत."

मी म्हणालो, "बाईंना सांगा, तक्रार टाकतील."

हे बोलताना मला काहीही वाटलं नाही. हेही लिहून ठेवतो, कारण आता लोकांना सांगताना मी नक्की म्हणेन की मला तेव्हाही वाईट वाटत होतं. नव्हतं वाटत.

मावशी एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी जिन्यात पडल्या. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या होत्या, त्यामुळे कठडा धरता आला नाही. खुब्याचं हाड मोडलं. मी जवळच होतो, दहा मिनिटांत पोहोचलो. बाई जिन्यात ओल्या फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि मावशींचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर वाकून पायरीच्या कडेला पाय न घसरण्याची पट्टी आहे का ते पाहिलं. पट्टी होती. म्हणजे जिन्याचा दोष आमच्या अंगावर येणार नव्हता. मग मी मावशींकडे पाहिलं. बाई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना वाटलं मी मावशींच्या पायाला काय झालं ते वाकून बघतोय. म्हणाल्या, "हळू. हलवू नका त्यांना."

मावशी परत कामाला आल्या नाहीत. कधीच.

त्यानंतर पालक आले, आरडाओरडा झाला, आणि शाळेत वर्षभर पाणी का नाही म्हणून पालिकेनं कंपनीला विचारलं. साहेबांचा फोन आला. "ते सहीचे तक्ते आहेत ना सगळे? घेऊन ये." मी नेले. त्यांनी शांतपणे एकेक पान उलटलं आणि म्हणाले, "वा. हिनं तर स्वतःच लिहून दिलंय." मी खरं सांगू शकलो असतो. तिथं आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "हो साहेब."

कंपनीचं उत्तर गेलं. आम्ही प्रत्येक तक्रारीला माणूस पाठवला, मुख्याध्यापिकांनी प्रवेश दिला नाही, सोबत त्यांच्याच सहीचे तक्ते. पालिकेनं बाईंची चौकशी लावली.

मला साक्षीला बोलावलं. त्याआधी मी दोन कामं केली. प्लंबरला वाकडच्या एका साइटवर धाडून दिलं. आणि फोटोंवर वेळ आणि वार छापून येत होते, तो भाग कापून नव्या प्रती काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मेंटेनन्सच्या माणसाला सांगावं लागत नाही, गळती कुठं होणार ते त्याला आधी दिसतं.

खोली लहान होती. एक अधिकारी, एक टंकलेखक, बाई आणि मी. बाईंनी सगळी रोजची तक्रारवही आणली होती, मांडीवर धरून बसल्या होत्या.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुमचा माणूस गेला तेव्हा दार बंद होतं?"

"हो."

"कुणी बंद केलं होतं?"

"शाळेनं."

एकेक शब्द खरा होता. रविवारी शाळेचं दार शाळाच बंद करते. तक्त्यातल्या तारखांना कुठला वार येतो, ते कुणी कॅलेंडरात पाहिलं नाही.

मग अधिकारी बाईंना म्हणाले, "मॅडम, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा यांना."

बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमचा माणूस किती वाजता यायचा?"

त्यांनी नेमकी तीच जागा धरली होती. मी म्हणालो, "नोंदीत वेळ नसते मॅडम." आजवर मी त्यांना बाई म्हणत होतो, तिथं मॅडम म्हणालो.

अधिकाऱ्यांनी एक तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. "ही सही तुमची?"

बाईंनी पाहिली. चष्मा लावून पुन्हा पाहिली. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. ह्या माणसानं मला वेगळंच सांगितलं होतं, एवढं जरी त्या म्हणाल्या असत्या तरी गोष्ट कुठल्या कुठे गेली असती. माझं उत्तर तयार होतं. मी म्हणणार होतो, मॅडमना इंग्रजी वाचता येतं की. पण बाई म्हणाल्या, "सही माझी आहे. न वाचता सही केली ही चूकही माझी आहे." तेवढंच. माझं नाव घेतलं नाही. टंकलेखकानं ते टाइप केलं.

त्यांचं मुख्याध्यापकपद काढलं. सेवापुस्तकात शेरा बसला: प्रकल्पाच्या कामात असहकार्य, त्यामुळे विद्यार्थिनींची गैरसोय व कर्मचाऱ्यास इजा. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका शाळेत साध्या शिक्षिका म्हणून बदली. मावशींच्या पायाचा दोषही असा बाईंच्या खात्यावर गेला. शिक्षकांत त्यांना ‘कुलूपवाल्या बाई’ म्हणू लागले हे मी स्वतः ऐकलं. मी त्या टोळक्यात उभा होतो.

त्या गेल्या आणि पुढच्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्याला पंप बसला. अर्ध्या दिवसाचं काम. बाजूला पाटी लागली, ‘कंपनीच्या सौजन्याने’. नव्या मुख्याध्यापकांनी कार्यक्रम ठेवला आणि मला शाल-श्रीफळ दिलं. आठवीतल्या एका मुलीनं माझ्या हातात गुलाब ठेवला. मला चार शब्द बोलायला सांगितलं. पाण्याचं महत्त्व यावर मी बोललो.

दोन वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात आणखी काही शाळा भागीदारीत द्यायचं ठरलं आणि मोजमापं घ्यायला मी एका जुन्या कौलारू शाळेत गेलो. व्हरांड्यात खुर्ची टाकून एक बाई वह्या तपासत होत्या. जवळ गेल्यावर ओळख पटली. मागे फिरता आलं असतं, पण त्यांनी पाहिलं होतं.

"या या. बसा." त्यांनी एका पोराला आतून खुर्ची आणायला सांगितली. "तिसऱ्या मजल्यावर पाणी येतं का हो आता?"

"येतं."

"मग झालं." त्यांनी एक वही तपासून बाजूला ठेवली. मुलीचं काय चाललंय विचारलं. मी कधीतरी सांगितलं होतं तिच्या बारावीचं, त्यांच्या लक्षात होतं. मी सांगितलं, इंजिनिअरिंगला आहे. त्या म्हणाल्या, "छान. तुमच्यासारखीच."

मग पेनाचं टोपण लावून त्या म्हणाल्या, "एक विचारू? रागावू नका. मी खरंच तुमच्या माणसाला आत येऊ दिलं नव्हतं का? तेव्हा मला पक्कं वाटत होतं की नाही, मी असं करणारच नाही. पण इतक्या सह्या माझ्या. त्या चारचा अर्थही मीच चुकीचा ऐकला असेन. आता वाटतं, घाईत शिपायाला काही बोलले असेन. लावून घे रे गेट, असं. आणि मावशी बिचाऱ्या..."

मी मोजमापाचा टेप गुंडाळू लागलो.

"शाळेतून निघताना मी आता दारं तपासते," त्या म्हणाल्या. "लागलीत का, ते नाही. चुकून लावली तर नाहीत ना, ते. घरीसुद्धा. सून हसते मला. म्हणते, आई, तुम्ही उलट्या विसराळू." त्या स्वतःही हसल्या. "शेरा राहू द्या. त्याचं काही नाही. मला फक्त माझं कळायला हवं होतं. तुम्ही तेव्हा तिथं होतात, म्हणून विचारलं."

व्हरांड्यात आणखी कुणी नव्हतं. वर्गात पोरं पाढे म्हणत होती. मी टेप खिशात टाकला आणि म्हणालो, "जाऊ द्या ना बाई. जुनं झालं आता ते."

त्यांनी मान हलवली. त्यांना उत्तर मिळालं होतं. मी त्यांना सांभाळून घेतोय, चूक त्यांचीच होती पण मी मोठ्या मनानं तोंडावर बोलत नाही, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. आणि त्या म्हणाल्या, "आभारी आहे."

बाई येत्या मे महिन्यात निवृत्त होतात. त्यांनी एकदाही दार लावून घेतलं नव्हतं, ‘चार’चा अर्थ मी त्यांना खोटा सांगितला होता आणि फोटोंवरचे वार मी कापले होते. हे चौकशी करणाऱ्या कार्यालयाला माझ्या सहीनं लिहून देणं माझ्याकडे बाकी आहे. त्याआधी बाईंच्या घरी जाऊन त्यांना समोर बसून सांगणं बाकी आहे. मावशींकडे तर मी अजून एकदाही गेलेलो नाही, तेही बाकी आहे. आज हे लिहीपर्यंत तिन्हींतलं मी एकही केलेलं नाही.